मोडी, तानपुरा आणि तालुक्याचे कला महाविद्यालय

२०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी तहसील कचेऱ्यांपासून जिल्हा अभिलेख कक्षांपर्यंतची जुनी दप्तरे सोडली गेली, तेव्हा प्रशासनाला मोडी, उर्दू आणि फारसी वाचू शकणाऱ्या माणसांची शोधाशोध करावी लागली. ज्या कागदांवर असंख्य कुटुंबांचे दावे अवलंबून होते ते सरकारच्याच ताब्यात होते, पण ते वाचण्यासाठी बाहेरून जाणकार बोलवावे लागले. पुढच्याच वर्षी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात पाली, प्राकृत, बंगाली आणि असमिया यांचाही समावेश होता. राज्यभर आनंद झाला आणि तो रास्तच होता. मात्र या दोन घटना शेजारीशेजारी ठेवल्या की एक प्रश्न टाळता येत नाही. ज्या राज्यात तालुक्यातालुक्याला कला शाखेचे महाविद्यालय पोहोचले आहे, त्या राज्यात आपल्याच शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या लिखाणाचे वाचक इतके दुर्मीळ कसे झाले?

मला याचे कारण असे दिसते की भाषा, संगीत, चित्रकला आणि संस्कृती यांचा गंभीर अभ्यास आपण दोन टोकांना लोटून दिला आहे. एका टोकाला वर्षाला लाखो रुपये शुल्क आकारणारी खासगी ‘लिबरल आर्ट्स’ विद्यापीठे आहेत, दुसऱ्या टोकाला संध्याकाळचे छंदवर्ग आणि खासगी क्लास आहेत. मधली जागा, म्हणजे जिथे शेतकऱ्याची, शिक्षकाची, छोट्या दुकानदाराची मुले-मुली खरोखर शिकतात ते अनुदानित कला महाविद्यालय, तिथून हा अभ्यास जवळजवळ निघून गेला आहे. तो तिथे परत यायला हवा, आणि दोन-दोन क्रेडिटच्या तुकड्यांत न येता तीन-चार वर्षे चालणाऱ्या, शिस्तीच्या अभ्यासाच्या रूपात यायला हवा, असा माझा आग्रह आहे.

असा अभ्यास म्हणजे नेमके काय, हे पेशवाईतल्या एखाद्या पत्राची एकच ओळ समोर घेतली तरी कळते. आधी कागदभर शिरोरेघ ओढलेली असते आणि मग बोरू फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत नेलेली असतात. दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्याला आपल्या भाषाज्ञानावर ठरवावे लागते. तारखेच्या जागी ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ असे येते. हे अरबी अंक आहेत: इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. बेरीज ११६१ होते. हा शुहूर सन आहे. तो मृग नक्षत्राला, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, बदलतो. त्यामुळे जूननंतरच्या तारखेला त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीनंतरच्या तारखेला ६००. पत्र जानेवारीतले असेल तर इसवी सन १७६१ निघतो, आणि वाचणारा पानिपताच्या महिन्यात येऊन पोहोचतो.

एका ओळीसाठी इथे लिपी लागली, अरबी संख्यावाचन लागले, शेतीच्या वर्षाचे गणित लागले आणि राजकीय इतिहासही लागला. पुण्याच्या दरबारातला कारकून आपल्या पत्रावर अरबी अंकांत सन घालत होता आणि तो सन पावसाच्या नक्षत्रावर चालत होता, हे स्वतः अक्षर लावून ज्या विद्यार्थ्याने पाहिले, त्याला महाराष्ट्राची संस्कृती कशी घडली यावर वेगळे व्याख्यान देण्याची गरज फारशी उरत नाही. शिवाय या कामाला अंत नाही. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील कागदांचे ४५ खंड निघाले, तरी ती निवडच होती. पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पडून आहेत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद आहेत. महानुभाव पंथाच्या सकळ या सांकेतिक लिपीतल्या पोथ्यांचे जग तर आणखी निराळे.

आपल्याकडच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा पाया घातला गेला तेव्हा या गोष्टी एकमेकींपासून आजच्याइतक्या दूर नव्हत्या. पुण्यात १८२१ साली सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेतून पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. मुंबई विद्यापीठ आणि सर जमशेटजी जिजीभाई यांच्या नावाची कलाशाळा एकाच वर्षी, १८५७ साली, निघाली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा काढली, आणि त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात स्वातंत्र्यानंतर ललित कला ही इतर विद्याशाखांच्या बरोबरीची विद्याशाखा झाली. बडोद्याचे हे उदाहरण महाराष्ट्राने जितके मनावर घ्यायला हवे होते तितके घेतले नाही. आपल्याकडे चित्रकला कला संचालनालयाच्या अखत्यारीत गेली, संगीताच्या परीक्षा मुख्यतः गांधर्व महाविद्यालय मंडळासारख्या संस्थांनी सांभाळल्या, भाषा आणि इतिहास विद्यापीठांच्या कला शाखेत राहिले. प्रत्येकाने आपापले काम केले, पण बहुसंख्य कला महाविद्यालयांत आज ना चित्रकला शिकवली जाते ना संगीत, आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्याला साहित्याचा किंवा इतिहासाचा भरीव अभ्यास क्वचितच मिळतो.

या विभागणीने काय हरवते हे पाहण्यासाठी विष्णु नारायण भातखंडे यांच्याकडे पाहावे. १८६० साली मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेले भातखंडे महाविद्यालयीन शिक्षण घेऊन वकील झाले, आणि त्याच वेळी पारशी मंडळींनी स्थापन केलेल्या गायनोत्तेजक मंडळीत ते संगीत ऐकत आणि शिकत होते. पुढे त्यांनी देशभर प्रवास केला, संस्कृत ग्रंथ मिळवून वाचले, रामपूर आणि जयपूरच्या उस्तादांकडून शेकडो चिजा घेतल्या, त्या स्वरलिपीत उतरवल्या, आणि ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ हा आपला मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. त्यांचा सर्वांत धाडसी निष्कर्ष असा होता की, आज गायले जाणारे राग आणि प्राचीन ग्रंथांत वर्णन केलेले संगीत यांचा थेट मेळ बसत नाही. म्हणून शास्त्र प्रत्यक्ष गायकीवरून नव्याने मांडले पाहिजे. हे म्हणायला ग्रंथ वाचता यावे लागतात, कान तयार असावा लागतो, आणि पुरावा व श्रद्धा वेगळ्या ठेवण्याची सवय लागते. रागांचे दहा थाटांत, म्हणजे दहा मूळ स्वरसंचांत, वर्गीकरण करणाऱ्या त्यांच्या मांडणीवर आजही आक्षेप घेतले जातात आणि त्यांतले काही मला पटतातही, पण आक्षेप घेणारेसुद्धा त्यांनीच घालून दिलेल्या वाटेने जातात. महाविद्यालयाने लावलेली चिकित्सेची सवय आणि मैफलीत तयार झालेला कान एका माणसात एकत्र आले, म्हणून हे घडू शकले.

खासगी लिबरल आर्ट्स संस्थांबद्दल माझी तक्रार त्या काय शिकवतात याबद्दल नाही. गेल्या दीड-दोन दशकांत पुण्यात आणि देशात इतरत्र निघालेल्या अशा संस्थांनी एक गोष्ट सिद्ध करून दाखवली, आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे: अर्थशास्त्राबरोबर संगीत, संगणकशास्त्राबरोबर तत्त्वज्ञान असा अभ्यास करणाऱ्या मुलांना पालक पाठिंबा देतात आणि त्या मुलांना पुढे वाटाही सापडतात. तिथे वर्ग लहान असतात, शिक्षक पूर्णवेळ असतात, निबंधावर शेरे लिहून तो पुन्हा लिहायला परत मिळतो. पण हे सारे ज्या शुल्कावर चालते ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या सामान्य कुटुंबाच्या कुवतीपलीकडचे आहे, आणि शिष्यवृत्त्या कितीही प्रामाणिकपणे दिल्या तरी त्या मोजक्याच मुलांपर्यंत पोहोचतात. शिवाय तिथले अध्यापन इंग्रजीत होते. मराठीतून विचार करणाऱ्या मुलीला आपल्याच आजीच्या ओव्यांचा अभ्यास करण्यासाठी आधी इंग्रजीचा उंबरठा ओलांडावा लागणे, ही व्यवस्था न्याय्य नाही.

आता अनुदानित महाविद्यालयाची स्थिती पाहू. अकरावीला चांगले गुण असलेली मुले सायन्सकडे वळवली जातात. कला शाखेत उरतात त्यांत मुलींचे, ग्रामीण भागातल्यांचे आणि घरातून पहिल्यांदाच पदवीला पोहोचलेल्यांचे प्रमाण मोठे असते. अनेक जण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता यावा म्हणून ही शाखा घेतात. शिकवणाऱ्यांतला मोठा वर्ग तासिका तत्त्वावर काम करतो. नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली ही माणसे तासाच्या मानधनावर दोन-दोन महाविद्यालयांत धावतात, आणि पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे त्यांना ठाऊक नसते. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची आखणी अशा शिक्षकाने कोणत्या भरवशावर करावी? पद भरती थांबली की सर्वांत आधी पाली, अर्धमागधी, संस्कृत, फारसी, संगीत, तत्त्वज्ञान हे विषय बंद पडतात, कारण त्यांना एकेकच शिक्षक असतो. तो निवृत्त झाला की विभागाला कुलूप लागते. मग विद्यार्थी नाहीत म्हणून पद भरायचे नाही आणि पद भरलेले नाही म्हणून विद्यार्थी येत नाहीत, हे चक्र सुरू होते. प्राकृतला अभिजात दर्जा मिळाला त्या वर्षी महाराष्ट्रातल्या किती महाविद्यालयांत प्राकृत शिकवणारा कायम शिक्षक होता, हे शासनाने मोजून जाहीर करावे, अशी माझी विनंती आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाने या चित्रात एक दार उघडले आहे, आणि त्याच वेळी एक धोकाही आणला आहे. महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांना २०२४-२५ पासून लागू झालेल्या रचनेत मुख्य विषयाबरोबर गौण विषय आहे, दुसऱ्या विद्याशाखेतला खुला वैकल्पिक विषय आहे, भारतीय ज्ञान प्रणाली आहे, क्षेत्रीय प्रकल्प आहे, आणि सहअभ्यासाच्या खात्यात नृत्य-नाट्य-संगीतालाही जागा आहे. कागदावर ही रचना उदार आहे. पण यातले बरेचसे घटक दोन क्रेडिटचे आहेत, आणि दोन क्रेडिट म्हणजे सुमारे तीस तास. तीस तासांत संगीताची तोंडओळख होते. संगीत येत नाही. गांधर्वच्या परीक्षांत प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत जायला सहसा सहा-सात वर्षे लागतात, आणि तरीही गुरू सांगतात की आता कुठे सुरुवात झाली. मोडीचेही तसेच: तीस तासांत अक्षरे ओळखता येतात, पण चिटणिशी वळणाचे पत्र लावण्यासाठी वर्षभर रोज कागद समोर असावा लागतो. विद्यार्थ्याला एका सत्रात सात-आठ विषयांचे तुकडे द्यायचे, प्रत्येकाची अंतर्गत चाचणी घ्यायची, गुण भरायचे आणि पुढे सरकायचे, यात शिक्षकाचा वेळ नोंदी भरण्यात जातो आणि विद्यार्थ्याच्या हाती एकही गोष्ट पक्की लागत नाही. अनेक विषयांना स्पर्श करणे ही उदार शिक्षणाची निम्मी बाजू झाली. उरलेली निम्मी बाजू एखाद्या विषयात खोल उतरण्याची आहे, आणि पहिलीला मोल येते ते दुसरीमुळे.

दहावीपर्यंतची आपली पद्धतही या उथळपणाला हातभार लावते. शासकीय रेखाकला परीक्षांची, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची, परंपरा जुनी आणि चांगली आहे. शास्त्रीय कला आणि लोककला यांनाही दहावीला वाढीव गुण मिळतात, ही सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे. पण गुण पदरात पडले की रंगपेटी आणि हार्मोनियम दोन्ही बाजूला ठेवली जातात, कारण अकरावीपासून पुढे त्यांना अभ्यासात जागाच नसते. इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी मिळवलेल्या मुलीला कला महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर तीन वर्षे एकदाही पेन्सिल हातात घ्यावी लागू नये, ही रचना मुळातून बदलायला हवी.

खोल उतरायचे म्हणजे काय, याचे मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण मिरजेचे आहे. मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हा व्यवसाय उभा केला तो शिकलगार कुटुंबांनी. तलवारींना धार लावणाऱ्या या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे काम मंदावल्यावर तंतुवाद्यांकडे मोर्चा वळवला आणि सतारमेकर ही त्यांची ओळख झाली. तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूरच्या आसपासच्या शेतांतून येतो, तो महिनोन्महिने वाळवावा लागतो; दांडीसाठी तुणीचे लाकूड लागते. वाद्य जोडून झाले की शेवटचे आणि सर्वांत अवघड काम उरते ते जवारी काढण्याचे. ज्या घोडीवरून तारा जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार दिलेला असतो आणि तार तिथे निसटती टेकते. कारागीर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानस फिरवतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवत नेला की एका ठिकाणी आवाज एकदम खुलतो आणि मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर झगझगीत ऐकू येऊ लागतात. हे काम मोजपट्टीने होत नाही, कानाने होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांना या घोडीचे इतके कुतूहल वाटले की १९२१ साली त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर शोधनिबंध लिहिला आणि तानपुरा व वीणा यांच्या घोडीमुळे तारेच्या कंपनात काय फरक पडतो याची चर्चा केली. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ याच मिरजेत राहिले, आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात होणारी संगीतसभा आजही त्यांचे स्मरण करते.

सांगली-मिरज परिसरातल्या कला महाविद्यालयाने हा एकच विषय चार वर्षे धरला तर त्यातून किती अभ्यास निघेल, याचा विचार करावा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला शस्त्रकारागिरीकडून वाद्यकारागिरीकडे झालेला बदल आणि संस्थानी आश्रय तपासता येईल. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला भोपळ्याच्या शेतीपासून निर्यातीपर्यंतची साखळी मांडता येईल, आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा व मोबाइलवरचे ॲप आल्यावर कारखान्यातल्या कामावर काय परिणाम झाला हे घरोघर जाऊन विचारता येईल. भाषेच्या विद्यार्थ्याला कारागिरांची परिभाषा नोंदवता येईल. ती दख्खनी, मराठी आणि कानडी यांच्या सीमेवरची आहे आणि तिचा संपूर्ण कोश झाला पाहिजे. भौतिकशास्त्राचे सहकारी रामन यांचा प्रयोग आजच्या उपकरणांवर करून पाहतील. आणि या सर्वांनी रोज अर्धा तास तानपुरा जुळवायचा, स्वर लावायचा, हे अट म्हणून ठेवता येईल; कारण ज्याला जुळलेला आणि न जुळलेला तानपुरा यांतला फरक ऐकू येत नाही, त्याने त्यावर लिहिलेला प्रबंध पोकळ राहतो. हाताने आणि कानाने केलेले काम अभ्यासाचा भाग मानायला आपले विद्यापीठीय मन अजून तयार नाही, आणि मला वाटते की यामागे हातकामाकडे खालच्या नजरेने पाहण्याची आपली जुनी सवय आहे.

ही सवय जातीशी बांधलेली आहे, हे इथे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीत मध्यमवर्गीय घरांत, विशेषतः मुलींपर्यंत, प्रतिष्ठेने नेले. ते काम फार मोठे होते. पण त्या प्रतिष्ठेच्या वर्तुळाबाहेर गोंधळी, वाघ्या-मुरळी, तमासगीर, शाहीर, वासुदेव राहिले, आणि ज्या स्त्रियांनी लावणी गायली आणि नाचली त्यांच्या वाट्याला कलेची दाद आली तरी मान आला नाही. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी किंवा पुणे विद्यापीठाचे १९८७ साली सुरू झालेले ललित कला केंद्र यांनी ही भिंत काही प्रमाणात फोडली. पण जिल्ह्याच्या महाविद्यालयात लोककला येते ती युवक महोत्सवाच्या वेळी, आठ मिनिटांच्या स्पर्धेत, भाड्याच्या कपड्यांत. ज्या मुलाच्या घरी संबळ पिढ्यान्‌पिढ्या वाजते त्याला ते वाजवणे म्हणजे जातीने लादलेले काम वाटावे, आणि शिकून त्यापासून सुटका व्हावी अशी त्याची इच्छा असावी, हे अगदी समजण्यासारखे आहे. म्हणून ‘आपली परंपरा जपा’ असा उपदेश त्याला करण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही. महाविद्यालयाने एवढेच करावे की संबळ सर्वांसाठी शिक्षणाचा विषय करावा, त्याच्या वडिलांना शिक्षक म्हणून मानधन द्यावे, आणि त्या मुलाने संगणक निवडला तर त्याला अडवू नये.

संग्रहाच्या कामात काय साधता येते याचा पाठही महाराष्ट्रातच घातला गेला आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी कार्यकर्त्यांच्या मदतीने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांत सीता आणि विठ्ठल जितके आहेत तितकाच सासुरवास, भावाची ओढ आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले तेव्हा गावागावांत जाऊन माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. ही दोन्ही कामे चिकाटीची, पद्धतशीर आणि गावातल्या माणसाला माहितीचा दाता मानणारी आहेत. कला महाविद्यालयाचा क्षेत्रीय प्रकल्प या तोडीचा का होऊ नये? आज तो बऱ्याच ठिकाणी इंटरनेटवरून उतरवलेल्या वीस पानांत संपतो, कारण शिक्षकाकडे चाळीस-पन्नास प्रकल्प असतात आणि विद्यार्थ्याला मुलाखत कशी घ्यावी, ध्वनिमुद्रण कसे लिहून काढावे, परवानगी कशी मागावी हे कोणी शिकवलेले नसते.

नोकरीचा प्रश्न मी टाळत नाही. ज्या घरात एकाच पगाराची वाट पाहिली जाते तिथे ‘संस्कृतीचा अभ्यास कर’ असे सांगणे सोपे नाही, आणि अशा पदवीने नोकरी हमखास मिळेल असे मी म्हणणार नाही. मात्र आजची कला शाखेची पदवीही नोकरी देत नाही, आणि तिच्यातून एखादे पक्के कौशल्यही हाती लागत नाही. मोडी-फारसी वाचणारा, ध्वनिमुद्रणाचे नीट लेखन करणारा, दोन भाषांत अनुवाद करणारा, संग्रहालयातल्या वस्तूचे टिपण लिहू शकणारा पदवीधर आजही शोधावा लागतो, हे २०२३ च्या अनुभवाने दाखवले. दुसरे एक क्षेत्र शाळेचे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक पट असलेल्या शाळेला कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देण्याची तरतूद आहे. ही तरतूद राज्यात मनापासून अमलात आली तर संगीत आणि चित्रकला शिकलेल्या पदवीधरांना जवळच्याच गावात काम मिळेल, आणि पुढच्या पिढीतली मुले महाविद्यालयात येताना काहीतरी घेऊन येतील. कला शिक्षणाचा रोजगार मागणीवर अवलंबून आहे आणि ती मागणी मोठ्या प्रमाणात शासनच निर्माण करू शकते.

भारतीय ज्ञान प्रणालीच्या तासांबद्दल एक काळजी नोंदवतो. हा घटक अभिमानाची वाक्ये पाठ करून घेण्यासाठी वापरला गेला तर त्याने ज्ञानाचे नुकसान होईल. संगीत रत्नाकर लिहिणारा शार्ङ्गदेव तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत, म्हणजे आजच्या दौलताबादेत, लेखाधिकारी होता आणि त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. दौलताबादचा किल्ला रोज बसमधून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हे माहीत असले पाहिजे. पण त्याला हेही माहीत असले पाहिजे की त्या ग्रंथातले राग त्या काळी कसे गायले जात होते हे आज निश्चित सांगता येत नाही, आणि भातखंडे यांनी हे मान्य केले म्हणूनच ते पुढे जाऊ शकले. सातवाहन राजा हाल याच्या प्राकृत गाथासंग्रहात राजांपेक्षा शेतकरी, वाटसरू आणि गोदाकाठच्या स्त्रिया अधिक दिसतात. तिथली प्राकृत शिकली तर मराठीचा वंश कळतो, आणि त्या मराठीने कानडीकडून, फारसीकडून, पोर्तुगीजकडून काय घेतले तेही कळते. मूळ ग्रंथ उघडला की फुगवलेला अभिमान आणि घाईची हेटाळणी या दोन्ही गोष्टी टिकत नाहीत.

व्यवहारात पहिले पाऊल कोणते असावे? प्रत्येक महाविद्यालयाने सगळे विषय सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. तेवढे शिक्षक नाहीत आणि लवकर मिळणारही नाहीत. प्रत्येकाने आपल्या परिसरातला एक विषय निवडावा. मिरजेला तंतुवाद्ये, पैठणला विणकाम आणि एकनाथांचे साहित्य, अमरावतीकडे रिद्धपूरच्या परिसरात महानुभाव वाङ्मय, कोकणात दशावतार आणि मालवणी, जुन्नरला नाणेघाटातले ब्राह्मी शिलालेख आणि शेजारच्या नारायणगावचा तमाशा. तो विषय गौण विषय म्हणून सलग तीन वर्षे चालावा, खुल्या वैकल्पिक विषयाचे आणि क्षेत्रीय प्रकल्पाचे क्रेडिट त्यालाच जोडावे, म्हणजे विखुरलेले तास एकत्र येऊन एका जागी साचतील. जवळच्या तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एक संगीत शिक्षक आणि एक लिपीशिक्षक कायम नेमावा. त्याचे वेतन शासनाने द्यावे.

कारागीर आणि कलावंतांना शिक्षक म्हणून आणण्याची सोय तर झालेलीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या नेमणुकीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत, औपचारिक पदवीची अट न घालता, आपल्या क्षेत्रात नाव कमावलेल्या व्यक्तीला त्यानुसार नेमता येते. अडचण दोन ठिकाणी आहे. ही नेमणूक मोजक्या वर्षांपुरतीच करता येते, आणि तिचा खर्च संस्थेने स्वतः किंवा उद्योगाच्या मदतीने उभा करायचा असतो. उद्योगसमूह व्यवस्थापनाच्या महाविद्यालयाला असा प्राध्यापक देईल. तालुक्याच्या कला महाविद्यालयाला सतारमेकर, कीर्तनकार किंवा मोडीचा जाणकार देणार नाही. म्हणून अनुदानित कला महाविद्यालयांपुरता हा खर्च राज्य शासनाने उचलावा आणि त्यासाठी उच्च शिक्षणाच्या अंदाजपत्रकात वेगळे शीर्ष ठेवावे. ते होईपर्यंत स्वायत्त महाविद्यालयांनी मात्र थांबण्याचे कारण नाही: एखाद्या स्थानिक विषयाचा सलग सहा सत्रांचा आराखडा त्यांना आपल्या अभ्यास मंडळापुढे ठेवता येतो, विद्या परिषदेकडून मंजूर करून घेता येतो, आणि येत्या जूनच्या माहितीपुस्तिकेत छापता येतो.